मदत हवी आहे: गोदावरीचं मॉडेल, कॉन्सन्ट्रेशन मायनसमध्ये जातंय!

वैतागलेला_एमटेक: समजा, नाशिकमध्ये दसकच्या पुलावर टँकर उलटला, केमिकल नदीत गेलं, तर खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला कधी पोचेल, असं काढायचंय. पायथनमध्ये कोड लिहिलाय. उत्तर मायनसमध्ये येतं. सोमवारी सबमिशन आहे, लवकर सांगा.

जलसंपदावाला: केमिकल कुठलं? पाणी किती सोडलंय? दारणा नदी मध्येच येऊन मिळते, ती धरलीत का?

वैतागलेला_एमटेक: केमिकल कुठलंही घ्या हो. प्रश्न कोडचा आहे.

सातपूरकर: कुठलंही कसं? ॲसिड नदीतल्या बायकार्बोनेटशी रिॲक्ट होतं, डिझेल तरंगतं. आमच्या कंपनीत ड्रम फुटला की आधी एमएसडीएस (केमिकलचं सुरक्षा-माहितीपत्रक) बघतात.

वैतागलेला_एमटेक: टोल्युईन. वेग ०.८ मी./से., ग्रिड (नदीचा एकेक तुकडा) ५०० मी., स्टेप (कोडमधलं वेळेचं एक पाऊल) १५ मिनिटं, डिस्पर्शन (केमिकल किती पसरतं) २० चौ.मी./से., पद्धत सेंट्रल डिफरन्स (पुढच्या-मागच्या दोन्ही तुकड्यांवरून हिशेब).

कोर्सवाला_दादा: हे आधी सांगायचं ना राव! कूरांट नंबर, म्हणजे एका स्टेपमध्ये पाणी किती तुकडे ओलांडतं ते, १.४४ येतोय, १ च्या आत हवा. स्टेप ५ मिनिटांवर आणा.

जलसंपदावाला: तेवढ्यानं भागणार नाही. सेल पेक्ले (वेग गुणिले ग्रिड, भागिले डिस्पर्शन) २० आहे, सेंट्रलला २ च्या आत हवा.

कोर्सवाला_दादा: मग अपविंड वापरा, फक्त वरच्या बाजूच्या तुकड्यावरून हिशेब, विषय संपला.

जलसंपदावाला: कसला संपतोय! ५०० मी. आणि ५ मिनिटांत अपविंड स्वतःच १०४ डिस्पर्शन घुसडतो. खरं २०, खोटं त्याच्या पाचपट. कॉन्सन्ट्रेशनचं शिखर सपाट होईल आणि गाववाल्यांना वाटेल धोका टळला. ग्रिड ५० मी., स्टेप ३० सेकंद करा. तरी खोटं १० उरतं, म्हणून कोडमध्ये २० ऐवजी १० घाला.

गोदाप्रेमी: १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला केमिकलच्या गोदामाला आग लागली, विझवायचं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईनमध्ये गेलं. त्यानंतर तिथे अलार्म मॉडेल उभं राहिलं, सांडलेलं केमिकल कुठे कधी पोचेल ते सांगणारं. आपल्याकडे पाणवेली काढायलाही कुणी नाही.

सातपूरकर: पाणवेलींचा काय संबंध?

गोदाप्रेमी: वेलीत पाणी अडतं, केमिकल मागे रेंगाळतं. केमिकलच्या लाटेचं शेपूट लांबतं.

जलसंपदावाला: हे मात्र खरंय.

आडगावचे_अण्णा: घरी आरओ बसवून घ्या. आमच्याकडे चांगला आहे.

वैतागलेला_एमटेक: मायनस गेलं!! पण जेवढं टोल्युईन सांडलं, नांदूरमध्यमेश्वरला जवळजवळ तेवढंच पोचतंय.

सातपूरकर: ते उडून जातं की, वाटेत हवेत. ती टर्म कुठाय?

वैतागलेला_एमटेक: सोमवारनंतर घालतो.