क्यूटेम्पमधली फाइल कुठे गेली?

आयबीएम आय या आयबीएमच्या सर्व्हर सिस्टिमवर क्यूशेलचं (युनिक्ससारख्या कमांड चालवणाऱ्या शेलचं) आउटपुट क्यूटेम्प या तात्पुरत्या लायब्ररीतल्या फाइलीत टाकलं, पण नंतर सीएल प्रोग्रामला (त्या सिस्टिमच्या कंट्रोल लँग्वेजमधल्या प्रोग्रामला) ती सापडतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. कमांड बरोबर आहे हो. आयबीएम आयवर क्यूशेल वेगळ्या चाइल्ड जॉबमध्ये, म्हणजे तुमच्या जॉबने सुरू केलेल्या दुसऱ्या जॉबमध्ये चालतो आणि क्यूटेम्प ज्याच्या त्याच्या जॉबची. तो जॉब संपला की त्याची क्यूटेम्प गेली, सोबत तुमची फाइलही. मी यात अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय.

त्यापेक्षा आयएफएसमधल्या (पीसीसारख्या फोल्डरांच्या फाइल सिस्टिममधल्या) टेम्प डिरेक्टरीत लिहा. 'क्यूआयबीएम_क्यूएसएच_सीएमडी_आउटपुट' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (जॉबसाठी ठरवून ठेवलेल्या सेटिंगमध्ये) 'फाइल=' आणि पुढे पाथ दिला, की आउटपुट स्क्रीनवर न येता थेट तिथे जातं. फाइलीच्या नावात सहा आकडी जॉब नंबर घाला. आमच्याकडे सगळ्यांना एकच नाव होतं, दोघांनी एकदम रिपोर्ट काढला आणि एकाचा मजकूर दुसऱ्याच्या हातात पडला.

पीसीवर उघडल्यावर अक्षरं अगम्य दिसली तर तो मजकूर एबसिडिकमध्ये, म्हणजे आयबीएमच्या जुन्या अक्षर-संकेतात आहे. आधी क्यूशेलच्या 'टच' कमांडला सीसीएसआयडी (अक्षर-संकेताचा नंबर) १२०८, म्हणजे यूटीएफ-८, देऊन रिकामी फाइल बनवा, मग तिच्यात दोन बाणांनी (>>) अपेंड करा, म्हणजे शेवटी जोडा. काम झालं की फाइल पुसायला विसरू नका.