थीम पार्कच्या सीईओला पंधरा मिनिटांत काय विचारायचं?

वार्ताहर_रायगड

शेअर बाजारात नोंदलेल्या एका अम्युझमेंट पार्क कंपनीच्या सीईओची मुलाखत ठरली आहे. तिमाही निकालानंतर चार दिवसांनी, वेळ पंधरा मिनिटं, शेजारी पीआरची माणसं बसणार. प्रश्न आधी पाठवा असा निरोप आहे. शिवाय आदल्या दिवशी कुटुंबासह पार्क फिरून या, पास पाठवतो, असंही कळवलंय.

यादी सध्या अशी: यंदा प्रतिसाद कसा होता? तिकिटं महाग नाहीत का? सुरक्षिततेची काय काळजी घेता? विस्ताराच्या योजना काय? यातून जाहिरातीपलीकडे काही हाती लागेल असं वाटत नाही. कुठले आकडे मागायचे, ते टाळले तर पुढे काय, आणि इंजिनीअर नसलेल्याने राइडच्या सुरक्षिततेवर नेमकं कसं विचारायचं, हे या धंद्यातल्या जाणकारांनी सांगावं.

ताळेबंद

"प्रतिसाद कसा होता"ला "उत्तम" एवढंच उत्तर मिळणार, कारण त्या प्रश्नात मोजण्यासारखं काही नाही. आधी दोन आकडे घ्या: फुटफॉल, म्हणजे किती माणसं आली, आणि माणशी महसूल, ज्याला सगळे आर्पू म्हणतात. दोन्हींचा गुणाकार पार्कच्या महसुलाच्या जवळपास यायला हवा. येत नसेल तर हॉटेल, प्रायोजकत्व, भाड्याने दिलेली दुकानं हे सगळं कुठल्या खात्यात धरलंय ते विचारा.

आकडा मिळाला की तो मोजला कसा, हे विचारा. बहुतेक बातम्या इथेच कच्च्या राहतात. खोपोलीच्या इमॅजिकात एकाच आवारात थीम पार्क, वॉटर पार्क, स्नो पार्क आणि हॉटेल आहे. अशा ठिकाणी चौघांच्या कुटुंबाने दोन पार्कांचं एकत्र तिकीट काढलं तर माणसं चार धरायची की आठ? वार्षिक पासवाला पुन्हा आला तर? उंची कमी म्हणून फुकट आत गेलेलं पोर? हिवाळ्यातल्या शाळांच्या सहली? सहलीचं तिकीट स्वस्त असतं, त्यामुळे सहली वाढल्या की फुटफॉल चढतो आणि आर्पू उतरतो. त्यात गैर काही नाही, पण गेल्या वर्षी ज्या पद्धतीने मोजलं त्याच पद्धतीने यंदा मोजलंय का, याचं उत्तर हो किंवा नाही असं मिळायला हवं. आर्पूत जीएसटी धरलाय की वगळलाय, हेही विचारा. १८ टक्क्यांनी ११८० रुपयांच्या तिकिटातले १८० सरकारचे, कंपनीचे १०००. एका वर्षी करासकट आणि दुसऱ्या वर्षी कर वगळून दिलेले आकडे शेजारी ठेवले तर नसलेली वाढ किंवा घट आपोआपच दिसते.

नवी पार्कं वेगळी काढा. वंडरला या पार्क कंपनीचं भुवनेश्वरचं पार्क २०२४ मध्ये सुरू झालं. नवं पार्क जोडलं की कंपनीचा एकूण फुटफॉल वाढणारच. म्हणून प्रश्न असा: "जी पार्कं गेल्या वर्षी याच तिमाहीत चालू होती, फक्त त्यांचा फुटफॉल किती?" उत्तर पुन्हा एकूण आकड्यावर गेलं तर तोच प्रश्न त्याच शब्दांत परत विचारा.

दरवाढीवर "महाग नाही का" विचारू नका. सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकी पार्क कंपनीचं २०२२ साल डोळ्यापुढे ठेवा. नव्या सीईओने सवलती कापल्या आणि "कमी गर्दी, जास्त खर्च करणारा ग्राहक" हे धोरण आणलं. माणसं २ कोटी ७७ लाखांवरून २ कोटी ५ लाखांवर आली. महसुलाला माणसांनी भागलं तर माणशी सुमारे ५४ डॉलरवरून ६६ डॉलर झाले. नुसता माणशी आकडा छापला तर यशोगाथा, पण एकूण महसूल १४९.७ कोटी डॉलरवरून १३५.८ कोटींवर उतरला होता. त्यामुळे विचारायचं ते असं: "दर वाढवल्यावर किती टक्के माणसं कमी होतील असं तुम्ही धरलं होतं, आणि प्रत्यक्षात किती झाली?" अशा वेळी सीईओकडे दोनच वाटा राहतात: अंदाज सांगायचा, किंवा अंदाजच केला नव्हता हे मान्य करायचं.

पावसाचं कारण हमखास येईल. एप्रिल ते जून ही आपल्याकडच्या पार्कांची कमाईची तिमाही, आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, त्यामुळे कारण खरंही असू शकतं. ते तपासायला महिने सुटे करून मागा. "एप्रिलचा फुटफॉल गेल्या एप्रिलच्या तुलनेत किती? पावसामुळे पार्क किती दिवस बंद ठेवलं?" एप्रिलमध्येच घट असेल तर पावसाखाली दुसरं काही दडलंय. ईद कुठल्या तिमाहीत पडली, तेही आधी कॅलेंडरवर बघून जा.

अमेरिकेतलं सीवर्ल्ड या सागरी प्राण्यांच्या पार्क कंपनीचं प्रकरण या बीटवर काम करणाऱ्याने मुळातून वाचावं. २०१३ मध्ये ऑर्का या सागरी सस्तन प्राण्यांवरचा ब्लॅकफिश हा माहितीपट आला. त्याचा गर्दीवर परिणाम होतोय का, असं पत्रकार विचारत राहिले आणि कंपनी नाही म्हणत राहिली. ऑगस्ट २०१४ मध्ये मागणी घटल्याचं कबूल केलं तेव्हा शेअर एका दिवसात सुमारे ३३ टक्के कोसळला. गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून अमेरिकी रोखे आयोगाने कारवाई केली आणि २०१८ मध्ये कंपनी व माजी सीईओंनी मिळून ५० लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून तडजोड केली. पत्रकारांनी विचारून, तारखेसकट नोंदवून ठेवलेले नकार चार वर्षांनीही किती मोलाचे ठरतात ते यात दिसतं. "परिणाम नाही" असं उत्तर आलं की लगेच विचारा: "परिणाम मोजला होता का? कसा? सर्वेक्षण कधीचं?" नकार मिळाला तर तो जसाच्या तसा छापा.

विस्तारावर एकच. किती कोटींचं पार्क हे सगळे छापतात, तुम्ही "व्याज आणि देखभाल भागायला वर्षाला किती माणसं लागतील?" हे विचारा. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, २०१५ मध्ये शेअर बाजारात आलं, कर्जाखाली वाकलं आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेलं. हा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला हा आकडा हवाच असतो.

पडद्यामागे

कंपनीच्या बाजूने अशा मुलाखती कशा बसवल्या जातात ते सांगतो.

प्रश्न पाठवू नका, विषय पाठवा. "फुटफॉल, दर, देखभाल, नवं पार्क" एवढ्या चार ओळी पुरे. आकडे लागणार हे मात्र स्पष्ट लिहा, म्हणजे "ते आत्ता माझ्याकडे नाहीत" ही पळवाट बंद होते. उत्तरं छापण्याआधी तपासायला देणार नाही, आकड्यांची खातरजमा मात्र करू, हेही त्याच मेलमध्ये असू दे. आणि पास घेऊ नका. तिकीट काढून जा, एक साधा वार आणि एक रविवार. कुठल्या राइड बंद होत्या, फलकावर काय कारण लिहिलं होतं, रांगेची वेळ किती दाखवली आणि प्रत्यक्षात किती लागली, हे घड्याळ लावून टिपा. तुमच्याकडे असलेला हा एकमेव आकडा असा आहे जो पीआरने दिलेला नाही.

चालू तिमाहीचं काही विचारलंत तर सीईओ गप्प बसेल, आणि ते बरोबरच आहे. किमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती एकट्या पत्रकाराला देणं सेबीच्या नियमात बसत नाही. त्या प्रश्नात दोन मिनिटं घालवू नका. त्याऐवजी निकालानंतर कंपनी शेअर विश्लेषकांशी जो कॉल घेते, त्याचं ध्वनिमुद्रण ऐका. ते २४ तासांत किंवा पुढच्या व्यवहाराच्या दिवसाआधी, जे लवकर असेल तेव्हा, एक्स्चेंजच्या साइटवर टाकावं लागतं. लिखित प्रत पाच कामकाजाच्या दिवसांत येते, म्हणजे तुमच्या मुलाखतीपर्यंत ती कदाचित आलेली नसेल. ऑडिओवरच भिस्त ठेवा. कॉलमध्ये कुठल्या विश्लेषकाच्या प्रश्नाला "हे आपण नंतर वेगळं बोलू" असं उत्तर मिळालं ते टिपा आणि नेमका तोच प्रश्न घेऊन जा.

दोन प्रश्न एका वाक्यात जोडू नका. जोडलेत की सोपा अर्धा उचलला जातो. प्रश्नाआधी पार्श्वभूमी सांगत बसू नका, पंधरातली चार मिनिटं तिथेच जातात. उत्तर संपल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहा; बरेच अधिकारी ती शांतता स्वतःच भरून काढतात. आणि सर्वात अवघड प्रश्न शेवटी ठेवू नका. दहाव्या मिनिटाला "सरांची पुढची मीटिंग आहे" येतं. तो तिसऱ्या मिनिटाला विचारा.

ब्लॉक_झोन

सुरक्षिततेवर लिहितो, कारण तो प्रश्न सगळ्यात वाईट पद्धतीने विचारला जातो. "काय काळजी घेता" म्हटलं की "सुरक्षितता ही आमची सर्वोच्च प्राथमिकता" हे वाक्य येतं आणि विषय तिथेच संपतो. मोठमोठ्याने विचारूनही उपयोग नसतो. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या थीम पार्कच्या अपघातानंतर स्काय न्यूजवर पार्कची मालक कंपनी मर्लिनच्या सीईओंची अतिशय आक्रमक मुलाखत झाली. हजारावर प्रेक्षकांनी नियामकाकडे तक्रारी केल्या त्या निवेदिकेविरुद्ध. शांतपणे उत्तरं देणाऱ्या सीईओंना सहानुभूती मिळाली.

तो अपघात २ जून २०१५ चा, स्मायलर नावाच्या रोलरकोस्टरवरचा. रुळाचे ब्लॉक पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एकावेळी एकच गाडी असते. पुढचा ब्लॉक रिकामा नसेल तर यंत्रणा मागची गाडी रोखते. त्या दिवशी एक रिकामी गाडी रुळावर अडकली होती, यंत्रणेने मागची गाडी बरोबर थांबवली होती. तंत्रज्ञांना वाटलं यंत्रणाच बिघडली आहे, आणि त्यांनी तो थांबा हाताने रद्द केला. १६ माणसं असलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली, दोघींना पाय गमवावा लागला. कंपनीने नोव्हेंबरमध्ये मानवी चूक म्हटलं. २०१६ मध्ये न्यायालयाने ५० लाख पौंड दंड केला, आणि तपास यंत्रणेचं म्हणणं स्पष्ट होतं की दोष त्या तंत्रज्ञांचा नाही, थांबा रद्द करण्याची धड कार्यपद्धतीच घालून न देणाऱ्या कंपनीचा आहे.

यातूनच प्रश्न निघतात आणि त्यांना इंजिनीअरिंगची पदवी लागत नाही. यंत्रणेने राइड थांबवली तर ती पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणाला? एकाला की दोघांच्या सह्या लागतात? रुळावर किती गाड्या आहेत ते आधी डोळ्यांनी मोजतात का? त्याची लेखी पद्धत शेवटची कधी बदलली? राइड बंद राहण्याचा वेळ कमी ठेवण्यावर कुणाचा बोनस किंवा बढती अवलंबून आहे का? हा शेवटचा प्रश्न सीईओलाच विचारायचा, कारण तो पैशाचा निर्णय असतो आणि देखभाल विभाग तो घेत नाही.

दुसरा धागा तपासणीचा. "नियमित होते" हे उत्तर नाही. रोज सकाळची तपासणी वेगळी आणि सांधे, आस, वेल्डिंग यांची भेगा शोधणारी चाचणी वेगळी. चुंबकीय कणांनी किंवा रंगद्रव्याने केलेली ती चाचणी शेवटची कधी झाली, बाहेरच्या संस्थेने केली की घरच्यांनी, हे विचारा. ओहायोच्या जत्रेत २०१७ मध्ये फायर बॉल नावाच्या झोपाळ्याचा एक भाग उडून माणूस गेला. त्या राइडची तपासणी झालेली होती, पण आधाराची तुळई आतून गंजली होती. कोकण किनाऱ्याजवळच्या दमट, खाऱ्या हवेतल्या पार्कला पोकळ भागांच्या आतल्या गंजाबद्दल विचारलंच पाहिजे. उत्पादक कंपनी वेळोवेळी दुरुस्तीची पत्रकं पाठवते, त्यातली किती प्रलंबित आहेत हाही मोजता येणारा प्रश्न.

कायद्याचं बोलताना "सर्व परवाने आहेत" यावर थांबू नका. परवान्याची प्रत आणि त्याची मुदत मागा, भारतीय मानक आयएस १५४७५ पाळतात का आणि प्रमाणपत्र कुणाचं, हे विचारा. परवाना देणाऱ्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज आधीच टाका, उत्तराला ३० दिवस असतात. राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ ला आग लागून २७ जण गेले, त्या जागेला अग्निशमनाचं ना हरकत प्रमाणपत्र नव्हतं. आगीआधी कोणीही ते मागू शकलं असतं.

रांगांबद्दलही एक हिशेब जवळ ठेवा. २४ आसनांची गाडी दर ७२ सेकंदांनी सुटली तर तासाला ५० फेऱ्या, १२०० माणसं. दोनऐवजी एकच गाडी चालवली तर साधारण निम्मी. साध्या वारी पार्क पगार आणि देखभाल वाचवायला एक गाडी काढतं आणि त्याच वेळी रांग टाळायचा जादा पास विकतं. म्हणून विचारा: "रविवारी आणि मंगळवारी किती गाड्या धावतात? जादा पासवाल्यांसाठी दर फेरीत किती आसनं राखलेली असतात?"

वार्ताहर_रायगड

सगळ्यांचे आभार. पास नाकारल्याचा मेल गेला, विषयांच्या चार ओळीही गेल्या. आता क्रम असा: १) गेल्या वर्षी चालू असलेल्या पार्कांचाच फुटफॉल आणि मोजण्याची पद्धत. २) थांबलेली राइड पुन्हा सुरू करायचा अधिकार कोणाला, आणि बंद वेळेवर बोनस आहे का. ३) दरवाढीनंतर किती माणसं घटतील असं धरलं होतं. ४) नव्या पार्कला वर्षाला किती माणसं लागतील. बंद राइडसंबंधी रविवारी तिथे जे दिसेल ते पाचवं.

ताळेबंद

दुसऱ्या क्रमांकात दोन प्रश्न जोडलेत, सुटे करा, नाहीतर अधिकाराबद्दल लांब उत्तर मिळेल आणि बोनस निसटेल. बोनसचा आधी विचारा. आणि थीम पार्क इंडस्ट्रीच्या वार्षिक अहवालांतले गर्दीचे आकडे तुलनेला वापरणार असाल तर जपून. डिस्ने आपल्या पार्कांची माणसं मोजून जाहीर करत नाही, फक्त टक्क्यांत वाढ-घट सांगतं. तिथले लाखांतले आकडे अंदाज असतात, बातमीत "अंदाजे" लिहा.

ब्लॉक_झोन

बोनसच्या प्रश्नावर "असं काही नाही" आलं तर पुढचा तयार ठेवा: "मग देखभाल प्रमुखाच्या कामगिरीचं मूल्यमापन कुठल्या आकड्यांवर होतं?" आणि देखभाल प्रमुख ऑपरेशन्सला उत्तरदायी आहे की थेट सीईओला, हेही विचारा. ऑपरेशन्सला असेल तर राइड बंद ठेवण्याचा निर्णय राइड चालू ठेवण्याची जबाबदारी असलेल्या माणसाच्या हातात आहे. ते छापण्यासारखं आहे.