बँकेच्या लिलावातील सदनिका : ताबा 'सांकेतिक' असताना बोली लावावी का?

नमस्कार. कोल्हापुरात फुलेवाडी भागातील दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेली एक सदनिका एका बँकेने लिलावात काढली आहे. त्याची जाहीर सूचना गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात वाचल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. राखीव किंमत २७ लाख रुपये आहे, आणि त्याच गल्लीत तेवढ्याच क्षेत्रफळाच्या घराला दलाल ३६ लाख सांगतात. या नऊ लाखांच्या फरकात आपल्या गळ्यात नेमके काय पडते, एवढेच मला विचारायचे आहे.

प्रक्रिया मी वाचून घेतली आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचे थकीत कर्ज, ठरते, मग बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देते, आणि तरीही पैसे आले नाहीत तर दिवाणी दावा न लावता मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले. पतसंस्थांच्या वसुलीचा मार्ग वेगळा आहे, म्हणून ते अनुभव येथे कृपया मिसळू नयेत.

माझी अडचण सूचनेतील एका शब्दापाशी आहे. 'ताब्याचा प्रकार : सांकेतिक', म्हणजे ताबा फक्त कागदोपत्री, घर प्रत्यक्ष बँकेच्या हाती नाही. रविवारी सकाळी इमारत पाहायला गेलो, तेव्हा दारावर चिकटवलेल्या नोटिशीचा खालचा अर्धा भाग कोणीतरी फाडलेला होता, उंबऱ्यापाशी ताजी रांगोळी होती आणि आत कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. बेल वाजवण्याचे धैर्य झाले नाही. खाली सोसायटीच्या सचिवांनी सांगितले, की राहणारे भाडेकरू आहेत, पण भाडेकरार कोणी पाहिलेला नाही. शिवाय चौदा महिन्यांचा देखभाल खर्च आणि घरफाळाही थकलेला आहे. विक्री 'जशी आहे, जेथे आहे' या अटीवर असल्यामुळे ही थकबाकी माझ्याच माथी येणार, हे मी धरून चाललो आहे.

बँकेतील अधिकाऱ्यांना ताब्याबद्दल विचारले असता "ते होऊन जाईल हो" एवढेच उत्तर मिळाले. कलम १४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रत्यक्ष ताबा घेता येतो, हे ठाऊक आहे. परंतु तो अर्ज बँकेने लिलावापूर्वी केला आहे का, हे ते लेखी देण्यास तयार नाहीत. असे लेखी मागण्याचा हक्क बोलीदाराला असतो का? आणि भाडेकरार गहाणखताच्या आधीचा निघाला, तर पुढे काय होते?

दुसरी चिंता पैशांची आहे. इसारा रक्कम २ लाख ७० हजार आधी भरायची आहे. बोली आपल्या नावे झाली की ती धरून एकूण २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, आणि उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. राखीव किमतीलाच घर मिळाले असे धरले, तरी ही शेवटची रक्कम २० लाख २५ हजार होते. बँक आणि खरेदीदार दोघांनी लिहून दिले तर मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढते, पण वेळेत भरणा झाला नाही तर आधी भरलेले पैसे जप्त होतात. सांकेतिक ताब्याच्या घरावर कोणती बँक इतक्या लवकर गृहकर्ज देते, की लिलाव करणाऱ्या बँकेकडेच अर्ज करणे सोयीचे? त्यातच कर्जदार ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो. स्थगिती आली तर तोवर भरलेले माझे पैसे अडकून पडतात का?

कोल्हापुरात अशी सदनिका घेतलेल्या कोणी विक्री प्रमाणपत्र हाती आल्यापासून किल्ली मिळेपर्यंत किती महिने गेले, ते सांगितल्यास फार उपकार होतील. वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा यांच्या नोंदींचा शोध, काढायला दिला आहे. इसारा भरण्याची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते.