आंबलेल्या खव्याची जप्ती आणि 'असुरक्षित' अहवाल : मदत हवी आहे

नमस्कार. मराठवाड्यातील एका गावी आमची खव्याची भट्टी आहे. गेल्या महिन्यात सलग दोन दिवस वीज नसल्यामुळे डीप फ्रीजरमधील 62 किलो खवा आंबला आणि काही गोळ्यांवर बुरशी धरली. तो विकायचा नाही असे ठरवून आम्ही दुसऱ्या फ्रीजरमध्ये वेगळा काढून ठेवला. मात्र 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी त्यावर लावली नाही, ही चूक मला मान्य आहे. दुसऱ्याच दिवशी तपासणी झाली. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी नमुना घेतला, उरलेला साठा जप्त केला आणि संध्याकाळी तो पंचांसमक्ष खड्ड्यात पुरला. असा खवा कोणाच्याही पोटात जाता कामा नये, त्यामुळे तो नष्ट केल्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 38 प्रमाणे त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती आम्हाला मिळालेली नाही.

खरी काळजी अन्न विश्लेषकांच्या अहवालाची आहे. खव्याची आम्लता 0.9 टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, ती 1.4 टक्के आली. कोरड्या घटकांत दुधाची स्निग्धता किमान 30 टक्के लागते, ती 33 टक्के आहे आणि पिष्टमय भेसळ आढळलेली नाही. तरीही बुरशीचा उल्लेख करून नमुना 'असुरक्षित' ठरवला आहे. 'कमी दर्जाचा' म्हटले असते तर कलम 51 खाली पाच लाखांपर्यंत दंडाचा विषय होता, तर 'असुरक्षित' म्हटल्यामुळे कलम 59 खाली खटला आणि तुरुंगवासापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

बाजूला काढलेला माल विक्रीचा साठा नव्हता, हे चिठ्ठीअभावी कशाने सिद्ध करता येईल? वीज खंडित असल्याचे वीज कंपनीचे पत्र आणि मिठाईवाल्यांना माल रद्द केल्याचे कळवलेले मोबाइलवरील संदेश माझ्याकडे आहेत. अहवालाविरुद्ध पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वरिष्ठांकडे) 'फॉर्म आठ' या ठरलेल्या अर्जात 30 दिवसांत अपील करता येते, त्यांपैकी 11 दिवस गेले आहेत. घेतलेल्या खव्याच्या नमुन्याचे चार भाग करतात; त्यातला चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी मी नमुना घेताना केली नाही, कारण तो हक्क मला ठाऊकच नव्हता. आता अपिलात रेफरल प्रयोगशाळेची (अपिलातील नमुने पुन्हा तपासणाऱ्या प्रयोगशाळेची) फेरतपासणी मागितली, तर इतक्या दिवसांनी खव्यासारख्या नाशवंत पदार्थाची आम्लता आणखी वाढलेली निघून आमचेच नुकसान होईल का? नोटीस न मिळाल्याचा मुद्दा याच अपिलात घ्यावा की वेगळा अर्ज करावा? दुग्धपदार्थांच्या अशा प्रकरणात अपील केलेल्या व्यावसायिकांनी किंवा वकिलांनी कृपया मार्गदर्शन करावे.