सल्ला हवा: मोबदला घेऊन टॉनिकची शिफारस करावी का?

कापूसवाला, यवतमाळ जिल्हा
मी कापूस आणि तुरीच्या लागवडीविषयी व्हिडिओ तयार करतो आणि ते पाहून परिसरातील बरेच शेतकरी फवारणी ठरवतात. एका कंपनीने पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडावर) फवारायच्या वाढीच्या टॉनिकची शिफारस करण्यासाठी मानधन आणि मोफत बाटल्या देऊ केल्या आहेत. करारात दोन अटी आहेत: शिफारस स्वतःचा अनुभव म्हणून मांडावी, आणि वर्षभर त्या मालाविषयी प्रतिकूल मत कोठेही व्यक्त करू नये. याच टॉनिकने पाती (फुलांच्या कळ्या) गळाल्याचे गावच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला विक्री प्रतिनिधीने मानहानीच्या दाव्याची धमकी दिली आहे. मानधन घ्यावे का, घेतल्यास ते प्रेक्षकांना कसे सांगावे आणि शेजाऱ्याने काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वकील, वर्धा
मोबदला घेणे बेकायदेशीर नाही, तो लपवणे चूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याचे मत प्रामाणिक आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेले असावे लागते, तसेच कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करावा लागतो. मोफत बाटल्याही त्यातच मोडतात. जानेवारी २०२३ च्या सूचनांप्रमाणे हा खुलासा शिफारशीच्याच भाषेत आणि प्रत्यक्ष व्हिडिओत हवा, खालच्या वर्णनात तो दडवून चालणार नाही. म्हणून सुरुवातीलाच स्वच्छ मराठीत सांगा: 'ही सशुल्क जाहिरात आहे, टॉनिक कंपनीने मोफत दिले आहे.' जाहिरात दिशाभूल करणारी ठरल्यास शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सोयाबीन, वाशीम
नटमंडळी टीव्हीवर खते विकतात, तेव्हा कोणी हरकत घेत नाही. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येत असतील, तर एवढी चिकित्सा कशासाठी? बोलण्याचे स्वातंत्र्य त्यालाही आहेच.

कृषी पदवीधर, अकोला
स्वातंत्र्य आहे, आणि जाहिरातीलाही राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) चे, म्हणजे भाषणस्वातंत्र्याचे, संरक्षण असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली टाटा प्रेस प्रकरणात मान्य केले. मात्र फसव्या जाहिरातीला ते संरक्षण मिळत नाही. शिवाय, नटाने पऱ्हाटी पेरलेली नाही हे सगळ्यांना ठाऊक असते, पण तुमच्या व्हिडिओतील शेत तुमचेच असते आणि त्याच भरवशावर कोणी कृषी केंद्रातून उधारीवर बाटली उचलतो. या भागात हे हलके घेऊ नये, कारण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले आहेत.

माझ्या मते खरी अडचण मानधनाची नसून दुसऱ्या अटीची आहे. पाती गळताना डोळ्यांना दिसत असूनही तुम्हाला गप्प बसावे लागेल, आणि कंपनी त्याचेच पैसे देत आहे. ती अट काढून घ्या. टॉनिक वापरायचेच असेल, तर काही ओळी फवारणीविना सोडा आणि दोन्हीकडची बोंडे एकाच दिवशी मोजून दाखवा. लेबल कॅमेऱ्यासमोर धरा. बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी अशी उत्पादने, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आले आहेत, त्यामुळे बाटलीवर घटकांचा उल्लेख नसेल तर तेथेच थांबा.

वकील, वर्धा
शेजाऱ्याविषयी: केवळ धमकीला घाबरून मजकूर काढू नये, पण तो तपासून घ्यावा. फवारणीची तारीख, मात्रा, सोबत काय मिसळले होते आणि झाडाची छायाचित्रे, एवढेच लिहावे. 'चोर', 'लुटारू' असे शब्द वगळावेत. भारतीय न्याय संहितेच्या मानहानीविषयीच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी केलेले सत्य कथन अपवाद आहे, परंतु ते सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते, म्हणून पावती आणि रिकामी बाटली जपून ठेवावी आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.

कापूसवाला, यवतमाळ जिल्हा
आभारी आहे. ती अट काढण्यास प्रतिनिधी तयार आहेत, पण मग मानधन निम्मे करू म्हणतात. निम्म्यावर स्वीकारावे का?

कृषी पदवीधर, अकोला
आधी स्वतःच्या पैशाने एक बाटली आणा आणि थोड्या ओळींवर वापरून पाहा. बोंडे धरेपर्यंत व्हिडिओसाठी थांबण्याची कंपनीची तयारी असेल, तर निम्मे मानधन घ्या. त्यांना फवारणीच्या हंगामातच शिफारस हवी असेल, तर हा व्यवहार सोडून द्या.