गळ्यातली रिबीन आणि शिबिराचे उद्योग (अनुभव धागा)

नौपाडेकरीण
काल लेक ऐरोलीहून ऑफिसमधून आली ती आयडी हातात धरूनच. पट्टा तुटलेला. "आई, उद्यापुरतं काहीतरी कर ना." शिवणाच्या डब्यात हात घातला तर तळाशी केशरी सॅटिनच्या रिबिनीचं वेटोळं सापडलं, हुकासकट. एक टोक जळून काळं झालेलं. लेकीला वाटलं सुटला प्रश्न. मी तिथेच बसले.

२००८ चा मे. आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांतली मिळून ४८ पोरं, येऊरच्या जंगलात तीन दिवसांचं शिबीर. ओळखपत्रं छापायला पैसे नव्हते, म्हणून मी आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी ठरवलं, घरीच करू. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून एक इंची रिबिनीची दोन रिळं आणली. दोन्हींवर २५ लिहिलेलं. पोरामागे एक मीटर, म्हणजे ४८ आणि वर दोन मीटर शिल्लक. गणितात मी पहिल्यापासून हुशार.

रात्री साडेअकराला पहिलं रीळ २२ तुकड्यांत संपलं. वहिनी म्हणाल्या, तू ढिलं मोजतेयस. परत मोजलं. मग रिळाच्या आतल्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात दिसलं: यार्ड! २५ गज म्हणजे २२.८६ मीटर. दुसऱ्याचीही तीच कथा. ४४ पट्ट्या झाल्या, वर ८६ सेंटीमीटरचे दोन तुकडे उरले, ते सगळ्यात बुटक्या दोघांना. तरी दोन पोरं कोरडीच. दुकानं बंद, सकाळी सहाला बस. शेवटी परकराची निळी नाडी कापली.

एका मुलीने ती नाडी हसत गळ्यात घातली. दुसरा सहावीतला मुलगा, बसच्या पायरीवर थांबून म्हणाला, "ताई, मी वेगळा का?" मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं, तू पाण्याच्या टाकीचा प्रमुख वगैरे. त्याने ती गुंडाळून खिशात घातली आणि तिन्ही दिवस काढली नाही. रुसला नाही, भांडला नाही, सगळ्यात भाग घेतला. फक्त गळा मोकळा.

सोमवारी जाऊन एक मीटर केशरी रिबीन वेगळी आणली, टोकं जाळली, हूक लावला आणि त्याच्या घरी गेले. कुलूप. सुट्टीला गावी गेलेले. मग शाळा सुरू झाल्या, पाऊस, पाहुणे, राहूनच गेलं.

तर तुम्हीही असले उद्योग केले असतील. लिहा.

कोपरीचा_बंड्या
गजाने आमच्या पडद्यांचाही असाच घात केलाय. अजून एका खिडकीला वीतभर उघडं दिसतं. समोरचे काका रोज हात करतात.

अबोली
टोकं मेणबत्तीवर जाळलीत का ताई? म्हणून काळी. अगरबत्तीने करायची. पेटवून ज्वाळा विझवायची आणि नुसता निखारा कडेवरून फिरवायचा, रिबीन वितळून बंद होते, काजळी अजिबात नाही. मेणबत्तीच वापरायची तर ज्योतीच्या खालच्या निळ्या भागाजवळ धरायची. पण आधी कोपरा जाळून बघा. गोळा झाला तर पॉलिस्टर. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती, ती जाळू नका, दुमडून टीप घाला.
(कुकर लावलाय, बाकी नंतर)

गाइडताई
मी शाळेत गाइडमध्ये होते. आमची शिट्टीची पांढरी दोरी आम्हीच वळायचो, एकीने दाराची कडी धरायची, दुसरीने पीळ घालायचा. पीळ घालता घालता दोरी मध्येच गुंडाळून यायची की पुन्हा पहिल्यापासून. गाठ सरकती नको, गळ्याला आवळते, हे बाईंनी इतक्या वेळा बजावलंय की अजून नवऱ्याची टाय बघितली तरी मला धाकधूक होते.
आणि आमच्या सहा-आठ मुलींच्या गटाला पेट्रोल म्हणत. मी घरी सांगितलं, मी पेट्रोल लीडर झाले. आजी म्हणाली, शिक्षण सोडून पंपावर कशाला?

कोपरीचा_बंड्या
@गाइडताई आजीला सांगायचं ना, डिझेलपेक्षा भाव जास्त आहे :)

चेंदणीचा_कोळी
आमचे बाबा जाळी विणायचे. कोळीवाड्यात ओट्यावर बसून, बोलणं एकीकडे, हात एकीकडे. आम्ही शाळेत स्काउटमध्ये शीट बेंड नावाची गाठ शिकलो तेव्हा सर म्हणाले ही अवघड आहे, नीट बघा. मी घरी येऊन बाबांना दाखवली. ते हसायला लागले. ही तर आपली जाळ्याची गाठ! खरंच तीच आहे. जाळ्याच्या एकेका घराला तीच.
नंतर शिबिरासाठी आमच्या गटाच्या दोऱ्या बाबांनी करून दिल्या, उरलेल्या नायलॉनच्या हिरव्या सुताच्या. इतर गटांच्या रिबिनी तिसऱ्या दिवशी लोंबत होत्या. आमच्या अजून शाबूत, एकीला माझी सायकलची किल्ली आहे. फक्त पहिल्या दिवशी माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. बाबांनी सूत धुतलं नव्हतं.

रानमोगरा
😂😂 सुक्या बोंबलाचं ओळखपत्र

चेंदणीचा_कोळी
@रानमोगरा ओला होता, ओला. नीट माहिती द्या लोकांना.

सीवूड्सची_मावशी
आमच्याकडे शिबीर २०१३ ला दिवाळीच्या सुट्टीत झालेलं. बिल्ल्यांना जाड कागद हवा म्हणून घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या. कोरी बाजू पुढे, त्यावर नाव, वरून पारदर्शक चिकटपट्टी, पंचने भोक. मागे काय छापलंय ते कोण बघतंय?
सगळे बघतात. बिल्ला वाऱ्याने उलटतो. एका मुलाच्या पाठी "॥ श्री गजानन प्रसन्न ॥", तो खूश. एकीच्या "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं", तीही खूश. आणि एका गुबगुबीत मुलाच्या मागे "कृपया आहेर आणू नये". तीन दिवस पोरं जेवणाच्या रांगेत त्याला म्हणायची, तू लाडू घेऊ नकोस, तुझ्याकडे आहेर चालत नाही. मी शेवटी त्याच्यावर पांढरा कागद डकवला तर तोच रडायला लागला, माझं काढलं म्हणून. परत खरवडला.

निवांत_पाटील
येऊरचं नाव काढलंत म्हणून. तिकडून उतरल्यावर मामलेदारची मिसळ खायचो. तिखट मागवायचा पैजेवर आणि मग ताकावर ताक. हल्ली मीडियमच झेपते. वय झालं.

अबोली
@निवांत_पाटील धागा रिबिनीचा आहे हो

निवांत_पाटील
डोळ्यातून धार लागायची, रिबिनीलाच पुसायचो. झालं ना विषयात?

मनीमाऊ_वाशी
सॉरी, जरा गंभीर लिहिते. मी बालवाडीत शिकवते. लहान मुलांच्या गळ्यात न सुटणारा पट्टा घालू नका. आमच्या सहलीत एका मुलाचा पट्टा घसरगुंडीच्या वरच्या कठड्यात अडकला आणि तो खाली सरकला. माझी सहकारी हाताच्या अंतरावर होती म्हणून. तिने त्याला वर उचलून धरलं आणि मी दातांनी गाठ सोडवली. कात्री नव्हती. अर्धं मिनिटही गेलं नसेल, पण गळ्यावर लाल वळ आठवडाभर होता आणि त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.
तेव्हापासून रिबीन अखंड ठेवत नाही. मानेमागे कापून दोन्ही टोकांना इंचभर वेल्क्रो शिवते. ओढ बसली की आपोआप सुटतं. शिवून झाल्यावर स्वतःच्या हाताने ओढून बघा, फार मोठा तुकडा लावलात तर तो सुटत नाही. आणि खेळाच्या वेळी सगळ्यांचे काढून एका पिशवीत.

नौपाडेकरीण
@मनीमाऊ_वाशी बापरे. आम्ही तर मागे चांगली दुहेरी टीप मारली होती, तुटू नये म्हणून. आणि येऊरला पोरं झाडांवर चढत होती. आज वाचून पोटात गोळा आला.

गाइडताई
@मनीमाऊ_वाशी 🙏 तुम्ही होतात म्हणून निभावलं. आईचं मनाला लावून घेऊ नका.

खारघरचा_हिशेबनीस
मला एक कळत नाही, हा सगळा खटाटोप कशाला? आता ऑर्डर दिली की नावासकट छापील पट्टे चार दिवसांत घरपोच. सुटणाऱ्या क्लिपचेही मिळतात. वेळेची किंमत धरा की.

सीवूड्सची_मावशी
@हिशेबनीस वेळेची किंमत धरली तर शिबिरच घेणार नाही कोणी भाऊ.

खारघरचा_हिशेबनीस
मुद्दा मान्य. तरी ४८ हूक हाताने लावणं म्हणजे...

झिपरी
हुकावरून, ते किल्ल्यांना असतात तसले फिरते हूक डझनाने कुठे मिळतील? ठाण्यात शक्यतो. जुलैत लेकीच्या नाचाच्या क्लासचं शिबीर आहे. ६० हवेत.

रानमोगरा
मला आपल्या वायरच्या पर्स आठवल्या. चौकोनी वीण घालून त्याच वायरच्या कीचेनही करायचो, पिवळी-काळी. वाशीला एका शिबिरात मी पोरांना शिकवायला गेले आणि सुरुवातच आठवेना. हात विसरले होते. एका आठवीतल्या मुलीने मोबाइलवर व्हिडिओ लावून मला शिकवलं, मग मी इतरांना. ती मधूनमधून "मॅडम, उलटं" म्हणायची.

येऊरप्रेमी
माकडं कोणीच कशी काढली नाहीत? आमच्या दादाची चकचकीत लाल रिबीन माकडाने ओढली (सुटली म्हणून बरं, वेल्क्रोवाल्या ताईंचं पटलं), घेऊन झाडावर. बिल्ल्यावर "शिबिरप्रमुख". दोन दिवस ते माकड गळ्यात नाही पण हातात घेऊन फिरत होतं. पोरं त्यालाच विचारायची, दादा, नाश्ता कधी?

कोपरीचा_बंड्या
@येऊरप्रेमी आणि दादा काय करत होते मग?

येऊरप्रेमी
भांडी घासत होते. प्रमुखपद गेलं ना.

अबोली
आले परत. @झिपरी जांभळी नाक्याच्या आत शिलाईसामानाची दुकानं आहेत तिथे डझनाने विचारा. सकाळी लवकर जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. आणि गाडी नेऊ नका, तलावपाळीला तीन चकरा मारून घरी याल. रिबीन घेताना गज की मीटर विचारा :)

झिपरी
धन्यवाद 🙏 वेल्क्रोही तिथेच बघते.

नौपाडेकरीण
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, दुपारपासून भाजी निवडायची राहिलीय. लेक विचारत होती की ती केशरी का नाही देत. तिला वेगळी करून दिली, निळ्या रिबिनीची, मागे वेल्क्रो लावून, टोकं अगरबत्तीवर. छान बसली, अबोली. केशरी परत डब्यात ठेवली.
तो मुलगा आता तिशीच्या आसपासचा असेल. त्याची सोसायटी पाडून टॉवर झाला, कुठे गेले माहीत नाही. चला, गवार वाट बघतेय.