मदत हवी आहे: पीसीच्या प्रोसेसरचे कोर ४, दिसतात २च
राजेहो, दारव्हा तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. पीसीत इंटेल आय-५ ३४७० प्रोसेसर आहे, म्हणजे कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) ४. पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये २च दिसतात. कापसाची धूळ साफ करताना प्रोसेसर काढून त्यावरची थंड ठेवणारी पेस्ट बदलली, तेव्हापासूनच हे सुरू झालं.

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमधली प्रोसेसर संख्येची खूण काढली, फरक नाही. बायोस (पीसी सुरू होतानाचं मूळ सेटिंग) डिफॉल्ट केला, मदरबोर्डवरचा सेलही नवा टाकला. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरूनही २च, म्हणजे विंडोजचा दोष नसावा. बायोसमध्ये कोर चालू-बंद करायचं सेटिंग सापडत नाही, ते कोणत्या मेनूत असतं? की प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची एखादी पिन वाकली असेल? भिंगातून पाहिलं तर कोपऱ्यातली एक जरा तिरपी वाटते, पण सुईने सरळ करायची हिंमत होत नाही. कोणी केलंय का? पीक विम्याचे फॉर्म भरायला माणसं सकाळपासून ओट्यावर बसून असतात हो.